लेकरांच्या वाट्याची फुरसत

उन्हाळ्याची सुटी तोंडावर आली की रस्तोरस्ती जाहिराती झळकू लागतात. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशाला भिडणारे पाळणे, रंगीबेरंगी मुखवटे घातलेली माणसे आणि त्यांच्याभोवती हसणारी गोरीगोमटी मुले! या जाहिराती आता भोरच्या एस.टी. स्थानकावरचा प्रवासीही पाहतो आणि वेल्ह्याच्या, म्हणजे आजच्या राजगड तालुक्याच्या वाडीतला तरुणही मोबाईलवर पाहतो. गावाकडचे आमचे अनेक बांधव पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यांत, कार्यालयांत, घरकामात राबत आहेत. त्यांच्या घरात आता दोन-अडीच वर्षांचे लेकरू दुडुदुडु धावते आहे. त्याला घेऊन पहिल्यांदाच खोपोलीच्या इमॅजिकासारख्या थीम पार्कला जाऊन यावे, असा बेत घराघरांत शिजू लागला आहे.

या बेतावर चळवळीतल्या काही ज्येष्ठांची प्रतिक्रिया ठरलेली असते. "समाज कुठे आहे आणि तुम्हाला पाळण्यात बसायचे सुचते!" हा आक्षेप प्रामाणिक असला तरी तो बाबासाहेबांच्या विचाराला धरून नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

१९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाची चिरफाड केली आहे. यंत्रे नकोत, साधे जीवन हवे, असे सांगणाऱ्या विचाराला त्यांनी रोखठोक उत्तर दिले. त्याचा आशय असा की, माणूस पशूसारखे केवळ पोटासाठी जगत नाही. त्याला मनाची वाढ करायची असते आणि त्यासाठी फुरसत लागते. यंत्राने ही फुरसत प्रत्येकाला मिळवून दिली पाहिजे आणि लोकशाही समाजाचे ध्येयही तेच असले पाहिजे. ज्या समाजात मूठभरांना फुरसत आणि बाकीच्यांना केवळ राबणे, तो समाज लोकशाहीवादी कसा? चातुर्वर्ण्याने नेमकी हीच वाटणी केली होती. वरच्यांना उत्सव आणि खालच्यांना वेठ! तेव्हा कष्टकरी बापाने वर्षातून एक दिवस काम बाजूला ठेवून लेकराला खांद्यावर बसवणे ही चैन नव्हे. शतकानुशतके हिरावून घेतलेल्या फुरसतीतला तो आपला वाटा आहे.

आपल्या लेकरांच्या सुटीचा इतिहास काय आहे? बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत तो लिहून ठेवला आहे. साल १९०१. रामजीबाबा खटाव तालुक्यातील गोरेगावला खजिनदार होते आणि मुले साताऱ्यात. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे जायचे ठरले. केवढी तयारी! नवे विलायती सदरे, चकचकीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. कोणत्या गाडीने येणार याचे पत्रही आधी धाडले. पण ते पत्र नोकराच्या चुकीने वडिलांच्या हाती पडलेच नाही. मसूर स्थानकावर उतरलेल्या मुलांना न्यायला कोणी आले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरकला. गाडीवाले यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, या अटीवर गाडी मिळाली. शिदोरी होती, पण रात्रभर पिण्याला पाणी मिळाले नाही. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाच्या मनावर तो प्रवास कायमचा कोरला गेला. बेत आखण्यात कुटुंबाचे काही चुकले नव्हते. चुकलेला होता तो समाज.

मसूर काही भोरपासून फार लांब नाही. आज त्याच मुलुखातला बौद्ध तरुण स्वतःच्या दुचाकीवर किंवा भाड्याच्या मोटारीतून पोराला घेऊन निघतो आणि त्याला कोणी जात विचारून थांबवत नाही. हा बदल आपोआप झालेला नाही. त्यामागे महाडचे चवदार तळे आहे, संविधानाचे कलम १५ आणि कलम १७ आहे. दुकाने, उपाहारगृहे आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे सर्वांना खुली राहतील, असे कलम १५ मध्ये शब्दशः लिहिलेले आहे. करमणुकीची ठिकाणे! राज्यघटनेत या शब्दांना जागा मिळाली, कारण बंद दाराचे दुःख काय असते हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते.

हे दुःख केवळ आपलेच नाही. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिले, त्यात त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. दूरदर्शनवर ज्या करमणूक उद्यानाची जाहिरात चालू होती, तेथे काळ्या मुलांना प्रवेश नाही, हे तिला समजावून सांगताना बापाची जीभ अडखळते आणि लेकीच्या डोळ्यांत पाणी येते. त्याच वर्षी बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक उद्यानापुढे काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांनी निदर्शने केली, शेकडो जणांना अटक झाली. शेवटी २८ ऑगस्ट १९६३ रोजी, वॉशिंग्टनमध्ये किंग यांचे ऐतिहासिक भाषण झाले त्याच दिवशी, ते उद्यान सर्वांना खुले झाले. त्या दिवशी तिथल्या फिरत्या घोड्यावर बसलेले पहिले काळे लेकरू होते शॅरन लँग्ली. वय अवघे अकरा महिने! तो चक्री पाळणा १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर नेण्यात आला. अकरा महिन्यांच्या पोरीचे घोड्यावर बसणे ज्या चळवळीला महत्त्वाचे वाटले, ती चळवळ लहान नव्हती.

आता प्रश्न उरतो तो दुसऱ्या दाराचा. जातीचे कुलूप कायद्याने काढले, तेथे पैशाचे कुलूप लागले आहे. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीवरील मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. मोठ्या थीम पार्कचे एका माणसाचे तिकीट हजार रुपयांच्या पुढेच जाते. म्हणजे आजी, आई, बाप अशी तीन माणसे निघाली तर दहा दिवसांची मजुरी फाटकावरच संपते. गाडीभाडे आणि आतले महागडे खाणे वेगळेच! भोर-वेल्ह्याच्या माणसाला हा हिशेब अधिक बोचतो. १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणाने निऱ्याच्या कालव्यांखालचा ऊस पिकवला. पानशेत आणि वरसगावच्या पाण्यावर पुणे शहर वाढले. ज्यांची शिवारे बुडाली, त्यांच्या नातवंडांनी धरणाकाठच्या रिसॉर्टमध्ये झाडू मारायचा आणि पोहण्याच्या तलावात डुंबायला मात्र शहरातून माणसे यायची. हा विकास कोणाचा, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

परंतु प्रश्न विचारीत असतानाही लेकरू मोठे होतच असते. म्हणून जे कुटुंब जायचे ठरवते आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट, कर्ज काढून जाऊ नये. सावकाराचे तर नाहीच, मोबाईलवर चुटकीसरशी मिळणारेही नाही. सहा महिने आधी ठरवावे आणि दर महिन्याला थोडे बाजूला टाकावे. बहुतेक पार्कमध्ये शनिवार-रविवारपेक्षा इतर दिवशी गर्दी कमी असते आणि पुष्कळदा तिकीटही स्वस्त पडते. दोन वर्षांच्या पोराला शाळेची सुटी लागत नाही, तेव्हा मे महिन्याच्या गर्दीत आणि उन्हात त्याला होरपळवण्याचे कारणच नाही. हिवाळ्यातला मधल्या वारचा दिवस सर्वांत बरा.

दुसरी गोष्ट, अशा ठिकाणी लहान मुलांचे तिकीट आणि पाळण्यातला प्रवेश हे दोन्ही सहसा वयापेक्षा उंचीवर ठरतात. निघण्यापूर्वी घरच्या भिंतीला उभे करून लेकराची उंची मोजावी आणि फोन करून विचारून घ्यावे. एवढ्या लहान मुलाला मोफत प्रवेश असू शकतो, पण वेगाचे मोठे पाळणे त्याला बंदच असतात. ते नियम त्याच्या जिवासाठी आहेत, तेथे हुज्जत घालू नये. अडीच वर्षांच्या लेकराच्या वाट्याला चक्री घोडे, छोटी आगगाडी, पाण्याचे उथळ डबके एवढेच येते आणि त्याला तेवढे पुरतेही.

तिसरी गोष्ट, दिवस लेकराच्या घड्याळाने आखावा. त्याची दुपारची झोप, त्याचे खाणे, त्याची शी-शू. बाहेरचे खाद्यपदार्थ अनेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, बाळाच्या खाण्याला सवलत आहे का हे आधी विचारावे आणि नाचणीचे सत्त्व, मऊ भात बरोबर ठेवावा. त्याच्या खिशात आई-बापाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. वेल्ह्याहून खोपोली शंभर किलोमीटरपेक्षा जास्त पडते. एका दिवसात जाऊन येण्याच्या अट्टहासाने पोर किरकिरते आणि आईचा जीव मेटाकुटीला येतो. पिंपरी-चिंचवड किंवा देहूरोडला नातेवाईक असतील तर आदल्या रात्री मुक्काम करावा. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. तेथे वंदना करून पुढे निघावे. वाटेत कार्ला-भाजे लेणी आहेत, पण एवढ्या लहान पोराला घेऊन सर्व काही एकाच फेरीत उरकू नये. लेणी कुठे जात नाहीत.

चौथी गोष्ट बापमंडळींसाठी. सहलीच्या दिवशीही पहाटे उठून डबे भरायचे आईने, पोर सांभाळायचे आईने आणि मोठ्या पाळण्यात बसून आरडाओरडा करायचा बापाने, ही कसली सुटी? हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी आहोत. निम्मा दिवस लेकरू बापाने सांभाळावे आणि त्या माउलीला एकदा तरी निवांत पाळण्यात बसू द्यावे.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही, त्यांनी मन छोटे करू नये. कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय भोर आणि वेल्ह्याहून पुण्याला येणाऱ्या वाटेवरच आहे. महापालिकेचे असल्याने तिकीटही परवडते, फक्त बुधवारी ते बंद असते. दोन वर्षांच्या मुलाला खराखुरा हत्ती आणि वाघ पाहून जे नवल वाटते, ते महागड्या यंत्राने वाटेलच असे नाही.

तेथून जवळच आंबेगावला 'शिवसृष्टी' हे ऐतिहासिक थीम पार्क उभे राहत आहे. १९ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. बाबासाहेब पुरंदरे यांच्या कल्पनेतून ते आकाराला आले. शिवरायांवर आमचेही प्रेम आहे. १८६९ साली त्यांचा पोवाडा लिहून महात्मा फुल्यांनी कुळवाडीभूषण राजा बहुजनांच्या हाती दिला. राजगड आणि तोरणा तर वेल्ह्याच्याच मातीतले. म्हणून तेथे जाणाऱ्यांनी दिवे आणि आवाज पाहून दिपून न जाता, गडांचे पहारे करणारे महार, रामोशी, मांग, कोळी त्या देखाव्यांत कुठे दिसतात का, हेही पाहावे. पोर मोठे झाले की ते विचारील. उत्तर आपल्याकडे तयार हवे.

आता थोडे समाजाकडे. आपण लेकरांना ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर नेतो, १ जानेवारीला भीमा कोरेगावला नेतो. तो आपला वारसा आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण दोन वर्षांच्या जिवाला आठवणार ती फक्त गर्दी. त्याच्या वयाचे, त्याच्या उंचीचे असे आपल्या वस्तीत काय आहे? समाजमंदिराच्या अंगणात एक झोपाळा, एक घसरगुंडी, वाळूचा चौकोन, एवढे उभारायला काय लागते? १४ एप्रिलच्या एका रात्रीच्या डीजेचा खर्च! वर्गणी गोळा करणाऱ्या तरुणांनी यंदा हा हिशेब मांडून पाहावा. भोर नगरपालिकेकडे, गावोगावच्या ग्रामपंचायतींकडे बालोद्यानाची लेखी मागणी करावी आणि ते उद्यान बौद्धवाडीतल्या, धनगरवाड्यातल्या, कातकरी वस्तीतल्या मुलांना पायी पोचेल अशा जागी व्हावे, असा आग्रह धरावा. अंगणवाडीच्या दारात खेळणी आहेत की कुलूप, हेही पाहावे. करमणुकीच्या जागांचा अधिकार घटनेने दिला आहे, तो तिकीट परवडणाऱ्यांपुरता राहू नये, ही मागणी चळवळीच्या मागण्यांत बसते.

बाबासाहेब आणि रमाईंनी आपली चार लेकरे गमावली. १९२६ साली राजरत्न गेला, तेव्हा तो हिमालयाएवढा माणूसही आतून कोसळला होता. त्यांनी सोसले, म्हणून आज आपल्या घरात धष्टपुष्ट लेकरू खिदळते आहे. त्याला पुस्तक द्यायचे आहे, शाळा द्यायची आहे, विचार द्यायचा आहे. ते सर्व यथावकाश होईलच. तत्पूर्वी त्याला हसू द्या. या सुटीत जमेल तसे, ऐपतीप्रमाणे, खोपोलीला, कात्रजला नाहीतर गावच्या पारावरच्या झोपाळ्यावर, पण एक दिवस संपूर्ण त्याचा असू द्या!