कायद्याच्या शिक्षणाचे बंद दार

नेल्सन मंडेला यांनी कायद्याची पदवी कशी मिळविली, हे आपल्या बार कौन्सिलने एकदा आठवून पाहावे. तुरुंगात राहून, पत्रद्वारा अभ्यास करून त्यांनी १९८९ साली दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची एलएल. बी. पूर्ण केली. मध्यंतरी आत्मचरित्राची लपविलेली पाने सापडली म्हणून त्यांची अभ्यासाची सवलत चार वर्षे काढून घेण्यात आली होती. तरीही वर्णद्वेषी राजवटीला ते दार कायमचे बंद करता आले नाही.

आपल्याकडे ते लोकशाही मार्गाने बंद झाले आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी अनिवासी महाविद्यालयांतील कायद्याचे वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेत बांधले आणि दिवसा नोकरी करून रात्री कायदा शिकणाऱ्याची वाट बुजली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीने दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणातून कायदा हा विषयच वगळला. लंडन विद्यापीठ १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षा देऊ देते आणि आज घरबसल्या कायद्याची पदव्युत्तर पदवीही देते. मात्र तिचे शुल्क पौंडांत आणि भाषा इंग्रजी. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला मानवी हक्क शिकता येतात; ज्याचे हक्क रोज तुडविले जातात त्याला नाही.

पदव्यांची दुकाने निघतील, ही नियामकांची भीती खोटी नव्हे. न्यायालयाची पायरी न चढलेल्या माणसाला वकिलीची सनद देऊ नये, हेही आम्हांस मान्य आहे. परंतु प्रत्येकाला सनद हवी असते थोडीच! मध्यरात्री पोलीस ठाण्यात उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्याला १९९६ चा डी. के. बसू निकाल ठाऊक हवा. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने व्हावा, नातेवाइकास कळवावे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, हे त्याला ठामपणे सांगता आले पाहिजे. (आमच्या काही वकील मित्रांना हे रुचणार नाही.)

मानवी हक्कांविषयी साक्षरता पसरविणे हे १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने आयोगांचे कर्तव्यच ठरविले आहे. तेव्हा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने, राज्य आयोगाच्या साहाय्याने, मानवी हक्कांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मराठीतून चालवावा. व्याख्याने ऑनलाइन असोत. पण तालुका न्यायालयात आणि कामगार न्यायालयात काही दिवस बसणे सक्तीचे असावे. जेथे मोबाइलला रेंज नाही तेथे छापील पुस्तिका टपालाने जाव्यात. शुल्क शेतमजुराच्या मुलीला परवडेल इतकेच हवे. तालुका समित्यांनी येत्या बैठकीत असा ठराव करून कुलगुरूंकडे पाठवावा, आणि त्याची प्रत आमच्याकडेही धाडावी.