पळपुटे कोण?

शक्तिमान आणि तात्या विंचू अजून आवडतात, असं गेवराईच्या माणसानं म्हटलं की पुण्या-मुंबईचे जाणकार नाक मुरडतात. त्यांच्या लेखी हे स्वप्नरंजन, पळवाट, पोरखेळ. मला या शहाणपणाची चीड येते.

दिवाळी सरली की आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथली आगाऊ उचल घेतली तिथं. तान्ही पोरं सोबत जातात, कळती पोरं शाळेपायी आजीजवळ राहतात. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाली तेव्हा अशा पोरांनी टीव्हीवाल्याची ओसरी भरून जायची. ऐन वेळी लाइट गेली की कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचा आणि ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या वायरी तिला जोडायचा. दुसरा पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा. खालून गलका व्हायचा, “आलं आलं, हालवू नको आता!” मग मुंग्यांमधून गंगाधर दिसायचा. दात पुढे आलेला, चष्मेवाला, ज्याला येणारा-जाणारा हसतो असा. आणि सगळ्यांना वाचवणारा त्याच्याच आत दडलेला. आई-बाप दूर उसाच्या फडात, गावात कुणाच्या खिजगणतीत नाही, अशा पोराला ही गोष्ट काय देत होती हे ज्याला कळत नाही, त्यानं सिनेमावर लिहू नये. ती पोरं आता चाळिशीला टेकलीत, पण गंगाधरचं नाव निघालं की अजून हळवी होतात. त्यात कसला आलाय पोरखेळ?

ही भूक बाहेरून आलेली नाही. आमच्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. वाळीत टाकलेल्या संन्याशाच्या पोरांना शुद्धिपत्र नाकारलं जातं आणि तिथं ज्ञानेश्वरांपुढं रेडा वेद बोलतो. अपमान झालेल्याला उत्तर मिळतं, म्हणून ही गोष्ट शेकडो वर्षं टिकली. दामले-फत्तेलालांनी १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालवून दाखवली. त्याआधी १९१७ साली फाळक्यांनी ‘लंकादहन’मध्ये मारुती उडवला होता. अद्भुत पडद्यावर आणायला मराठी माणसानंच देशाला शिकवलं.

आणि आज? जयंत नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. त्यांच्या ‘धूमकेतू’वर सिनेमा निघाला तो हिंदीत, बालचित्रपट संस्थेचा. ‘तुंबाड’चा दिग्दर्शक राही बर्वे मराठी, गाव कोकणातलं, कल्पनेचं मूळ नारायण धारपांच्या कथेत. पात्रं बोलतात हिंदी. २०१८ चा तो सिनेमा २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवून गेला, म्हणजे माणसं वाट बघत होती. आमचा पोरगा मात्र परग्रहावरची लढाई हिंदीत डब केलेली बघतो. अवकाशात मराठी बोलतात, हे त्याला कुणी दाखवलंच नाही.

पैसा नाही, हे रडगाणं मला सांगू नका. महेश कोठारे यांनी १९९३ साली ‘झपाटलेला’ काढला तो रामदास पाध्यांच्या एका बाहुल्यावर, तात्या विंचूवर. त्या बाहुल्याच्या नावानं आमच्याकडं अजून पोरांना भेवडवतात. कमी पडते ती हिंमत, आणि प्रेक्षकाबद्दलचा आदर. आमची दैना तेवढी मराठी निर्मात्यांना दिसते. कोरडी विहीर, फाटकं लुगडं, झाडाचा दोर. ते चित्रित करायचं, महोत्सवात टाळ्या घ्यायच्या, आणि ज्यांची दैना दाखवली त्यांच्या तालुक्याला सिनेमा लागला नाही तरी चालतं. ऊसतोड्याला स्वप्न पडतं हे मान्य करायलाच ही मंडळी तयार नाहीत. वास्तवाच्या नावाखाली आमच्या कल्पनाशक्तीपासून पळ काढणारे तुम्ही, आणि पळपुटे आम्ही?

नारळीकर छापलेले आहेत, धारप छापलेले आहेत. वाचा. आणि पुढच्या सिनेमातल्या यानात एक पोरगी आमच्या बोलीत बोलणारी बसवा, जिची आई फडात मोळ्या बांधते.