‘मी काळजी घेतली’ या वाक्याची जात

कोविडला आता पाच वर्षं होऊन गेली. तरी दिल्लीत कुठेही, चहाच्या टपरीवर, सेमिनारनंतरच्या गप्पांत किंवा मेट्रोत, तो विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : “आम्हाला शेवटपर्यंत झाला नाही, आम्ही खूप काळजी घेतली.” वाक्य साधं आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्याची घडण मला फार ओळखीची वाटते. “मी जागा मिळवली, मी खूप मेहनत केली” हे वाक्य आपण प्रवेशाच्या पहिल्या दिवसापासून ऐकत आलोय. त्याचंच हे भावंड. दोन्ही वाक्यांत कर्ता एकटा. त्याच्यामागे उभं असलेलं घर, शाळा, पैसा, ओळखीपाळखी आणि दुसऱ्यांचे राबणारे हात वाक्यातून गायब.

कोविड टाळता येणं हेही या देशात एक ‘मेरिट’ बनवलं गेलं, असं माझं म्हणणं आहे. आणि ज्यांना तो टाळणं शक्यच नव्हतं, त्यांना निष्काळजी ठरवलं गेलं. आपण पहिल्या पिढीतल्या पदवीधरांनी याकडे नीट पाहायला हवं. कारण ज्यांना निष्काळजी म्हटलं गेलं, ते बहुतेक वेळा आपलेच आईबाप, मामा-मावशा आणि वस्तीतले शेजारी होते.

आधी काळजी घ्यायला काय काय लागतं ते पाहू. सरकारी सूचना आठवा. ताप आला तर वेगळ्या खोलीत राहा. स्वतंत्र शौचालय वापरा. वारंवार साबणाने हात धुवा. गर्दीत जाऊ नका. घरून काम करा. म्हणजे किमान दोन खोल्या, दोन संडास, नळाला चोवीस तास पाणी, महिनाभराचं धान्य, आणि बसल्या जागी पगार देणारी नोकरी. हे सगळं असलेलं घर या देशात कोणाचं असतं, हे कळायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये मी मुनीरक्यात दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहत होते. मजल्यावरच्या चार खोल्यांना मिळून एक संडास. एकीला ताप आला, दोन दिवसांत तिघींना आला. वेगळं राहायचं ते कुठे? गच्चीवर? चाचणीच्या रांगेत उभं राहायची ताकद एकीतच उरली होती, म्हणून तिची तेवढी चाचणी झाली. सरकारी नोंदीत आमच्या खोलीतून एकच रुग्ण निघाला. आम्हा दोघींना कोविड ‘झालाच नाही’.

आमच्यासारखे असे किती? जानेवारी २०२१ मध्ये दिल्ली सरकारने केलेल्या पाचव्या सेरो सर्वेक्षणात ५६.१३ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या शहरात याचा अर्थ एक कोटीहून जास्त माणसांना तोवर संसर्ग होऊन गेला होता. अधिकृत रुग्णसंख्या तेव्हा साडेसहा लाखांच्या आत होती. म्हणजे “मला झाला नाही” असं सांगणाऱ्या अनेकांना तो होऊन गेला होता, त्यांना कळलं नव्हतं इतकंच. टाळल्याचं श्रेय घेणाऱ्यांनी हा आकडा एकदा तरी वाचावा.

मुंबईचा आकडा त्याहून बोलका आहे. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन वॉर्डांत रक्ततपासणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं मिळाली, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के लोकांत. वॉर्ड तेच, महिना तोच, मास्कचा नियम तोच. मग फरक कशाचा? झोपडपट्टीतली माणसं साडेतीन पट बेफिकीर होती का? फरक होता दहा बाय दहाच्या खोलीचा, सार्वजनिक संडासाचा आणि रोज कामावर जावंच लागण्याचा. आणि त्या दहा बाय दहात कोणत्या समाजाची माणसं जास्त भरलेली असतात, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

पण एवढं म्हणून थांबलो तर गोष्ट अर्धीच राहते. “गरिबांना जास्त सोसावं लागलं” हे तर सगळेच मान्य करतात, हळहळतात आणि पुढे जातात. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. धोका टाळला म्हणजे तो नाहीसा होतो का? नाही. तो दुसऱ्याकडे सरकतो. नोएडा-गुरुग्रामच्या उंच इमारतींत जी कुटुंबं महिनोन्महिने दाराबाहेर पडली नाहीत, त्यांच्या दारात दूध, भाजी, औषध, सिलिंडर पोहोचतच होतं. कचरा उचलला जातच होता. वापरलेले मास्क, हातमोजे घरच्या कचऱ्यातूनच बाहेर पडत होते. ते पुढे कचऱ्याच्या डोंगरांवर उघड्या हातांनी वेचले जात होते. प्रत्येक ‘टाळलेल्या’ संसर्गामागे कोणीतरी बाहेर पडलेलं माणूस उभं होतं. त्याने जो धोका घेतला, तोच या घरांची ‘काळजी’ म्हणून नोंदला गेला.

जात कामं वाटते आणि ती करणारी माणसंही एकावर एक रचून ठेवते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवलंय. महामारीत त्याच उतरंडीवर धोका वाटला गेला. वरच्या पायरीवर लॅपटॉप, खालच्या पायरीवर झाडू, आणि सगळ्यात खाली स्मशानात प्रेत उचलणारे हात. मेल्यावर सख्खे नातेवाईकही जवळ जायला घाबरत होते, तेव्हा निगमबोध घाटावर किंवा सीमापुरीच्या स्मशानात मृतदेह कोण हाताळत होतं? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘विटाळ’ म्हणून लांब ठेवलं, त्यांचीच माणसं तिथेही पुढे होती.

त्यांना ‘कोरोना योद्धा’ म्हटलं गेलं. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, ५ एप्रिलला दिवे लागले. पण योद्ध्याला चिलखत लागतं आणि पगारही लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये उत्तर दिल्ली महापालिकेच्या हिंदू राव रुग्णालयातल्या डॉक्टरांना थकलेल्या पगारासाठी आंदोलन करावं लागलं. डॉक्टरांची ही गत, तर सफाई कामगारांचं काय झालं असेल? पुढच्या जानेवारीत तेही थकलेल्या पगारासाठीच संपावर उतरले.

माझी आई तालुक्याच्या एका दवाखान्यात कंत्राटी सफाई कामगार. तिला कोविड झाला तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलीने फोनवर काळजीने विचारलं, “त्या मास्क लावत नव्हत्या का?” मी आईला विचारलं. ती म्हणाली, “लावत होते की. पण एकच मिळाला होता, तो आठवडाभर पुरवायचा होता.” हे एक वाक्य मला सगळ्या सूचनापत्रकांपेक्षा जास्त सांगून गेलं.

रोगाचीच नाही, लॉकडाऊनची झळही अशीच वाटली गेली. सोनीपतच्या अशोका विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन यांनी डिसेंबर २०१९ आणि एप्रिल २०२० ची रोजगाराची आकडेवारी ताडून पाहिली. उच्च जातींत काम करणाऱ्यांचं प्रमाण ३९ वरून ३२ टक्क्यांवर आलं. अनुसूचित जातींत ते ४४ वरून २४ टक्क्यांवर कोसळलं. एकीकडे सात अंकांची घट, दुसरीकडे वीस. विषाणू जात पाहत नाही, हे वाक्य तेव्हा फार चाललं होतं. विषाणू पाहत नसेल, पण नोकरीवरून काढणारा, बेड देणारा आणि गेट उघडणारा तर पाहतो ना?

घरी परतण्याचंच बघा. २८ मार्च २०२० ला आनंद विहारच्या बस टर्मिनसवर हजारो मजूर लोटले, तेव्हा टीव्हीवरून त्यांना बेजबाबदार म्हटलं गेलं. ८ मे रोजी जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांना भुसावळहून गावाकडची गाडी पकडायची होती. त्याच महिन्यात दिल्लीत अडकलेल्या महाराष्ट्रातल्या यूपीएससीच्या विद्यार्थ्यांसाठी भुसावळमार्गे खास रेल्वे सुटली. विद्यार्थ्यांना गाडी मिळाली ते योग्यच झालं. त्यांच्यात आपलीही मुलं होती. पण स्टेशन तेच, महिना तोच असताना एकाला आरक्षित आसन आणि दुसऱ्याला रूळ, या फरकाला ‘काळजी’ आणि ‘निष्काळजीपणा’ अशी नावं देता येणार नाहीत.

दोष कोणावर टाकायचा, तेही आधीच ठरलेलं होतं. निजामुद्दीनच्या मरकजनंतर मुसलमान भाजीवाल्यांना गल्लीत येऊ दिलं गेलं नाही. पुढे २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं नमूद केलं. निकाल छोट्या बातमीत आला. आरोप मात्र महिनाभर चालले होते.

‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्दही असाच. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणावं असं सुचवलं होतं. आपल्याकडे ‘सामाजिक अंतर’च रुळलं, कारण ते आपल्याला शिकवावं लागलं नाही. घरकाम करणाऱ्या बाईची वेगळी लिफ्ट, वेगळा कप हे आधीपासून होतंच. महामारीने त्याला विज्ञानाचा शिक्का मिळवून दिला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. “दुसऱ्या लाटेत तर श्रीमंतही मेले.” हो, मेले. २० एप्रिल २०२१ ला दिल्लीत एका दिवसात २८,३९५ रुग्ण सापडले. १ मे रोजी बत्रा रुग्णालयात ऑक्सिजन संपून बारा जण गेले, त्यात तिथलेच एक डॉक्टर होते. त्या दिवसांत पैसा, ओळख, गाडी असूनही लोक बेडसाठी फिरत होते. त्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. पण तेव्हा काय घडलं ते आठवा. ज्या वर्गाला पहिल्यांदाच दारातून परत पाठवलं गेलं, त्याला एकाएकी समजलं की आरोग्यव्यवस्था नावाची गोष्ट असते आणि ती कोसळू शकते. तोवर जी चूक माणसाची होती, ती त्या महिन्यात व्यवस्थेची झाली. आपल्या वस्त्यांसाठी मात्र ती कायमच व्यवस्थेची होती, हे कोणी मान्य केलं नाही.

आणि त्या टंचाईतही रांगा वेगळ्याच होत्या. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण कोविनवर आगाऊ नोंदणीची अट घालून. स्मार्टफोन, वेगवान नेट आणि स्लॉट उघडताच बोट चालवण्याचं कसब ज्यांच्याकडे, त्यांना लस. शहरातली मुलं गाडी काढून शेजारच्या जिल्ह्यांतल्या खेड्यांत जाऊन लस घेऊन आली आणि त्या खेड्यातली माणसं बघत राहिली. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळाली. महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर बोट ठेवलं. तोवर ‘जागरूक’ आणि ‘लस न घेणारे अडाणी’ अशी वाटणी करून झाली होती.

मास्क निरुपयोगी होता किंवा काळजी घेणं चूक होतं, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मास्क, अंतर, लस यामागचं विज्ञान खरं आहे आणि ते आपल्याला हवंच आहे. आपली मागणी उलट आहे : काळजी घेता येण्याची परिस्थिती सगळ्यांना मिळाली पाहिजे. नळ, संडास, पगारी रजा, हातमोजे, जवळचा दवाखाना या गोष्टी म्हणजेच साथीवरची काळजी. उपदेश हा त्याला पर्याय नाही.

आपल्याकडे काळजी या शब्दाचा दुसरा अर्थही आहे. प्लेगची साथ आली तेव्हा १८९७ साली इंग्रज सरकारने साथरोग कायदा आणला. तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला. त्याच साथीत सावित्रीबाई आणि डॉ. यशवंतराव पुण्याजवळ रुग्णांची सेवा करत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या, त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आजच्या हिशेबाने सावित्रीबाईही ‘निष्काळजी’ ठरल्या असत्या. अंतर राखलं असतं तर वाचल्या असत्या ना! पण आपण त्यांना माय म्हणतो ते त्यांनी अंतर राखलं नाही म्हणूनच.

शिकलेल्या मुलांना एक सवय लागते. सुट्टीत घरी गेलो की आपण आईबापाला शिस्त शिकवतो. हात धुवा, गर्दीत जाऊ नका, ऐकत कसं नाही तुम्ही. पदवीने आपल्याला जी भाषा दिली, ती नकळत आपल्याच माणसांवर चालवतो. त्याऐवजी त्यांना विचारा : लॉकडाऊनमध्ये कामावर कसे गेलात? काय मिळालं, काय मिळालं नाही? वस्तीत कोण गेलं, आणि त्याच्या दाखल्यावर कारण काय लिहिलं? भरपाईचे पन्नास हजार मिळाले का, की चाचणीचा कागद नाही म्हणून अर्जच केला नाही? हे विचारा आणि लिहून ठेवा, तारखेसह, कामाच्या ठिकाणासह. कोविडच्या आठवणींची पुस्तकं निघतील, अभ्यासक्रमात धडे येतील. त्यांत बाल्कनीतून पाहिलेलं शहर असेलच. रस्त्यावरून, दवाखान्याच्या मागच्या दारातून, कचऱ्याच्या गाडीवरून पाहिलेलं शहर आपण लिहिलं नाही तर ते असणार नाही. पुढची साथ येईल तेव्हा ‘काळजी’ची व्याख्या ठरवायला त्याच नोंदी कामाला येतील.