कन्झ्यूम नावाचं गुळगुळीत क्रियापद

परवा भाचा आला होता. बारावीचं वर्ष, म्हणून मामाच्या अधिकारात विचारलं, दिवसभर करतोस काय? तर म्हणाला, "अभ्यास. आणि दोनेक तास कन्टेंट कन्झ्यूम करतो." म्हणजे वाचतोस, बघतोस की ऐकतोस? "सगळंच रे मामा. कन्झ्यूम करतो." मी गप्प बसलो, पण शब्द डोक्यात बसला तो बसलाच. आज त्याच्यावर राग काढतो. शब्दावर, भाच्यावर नाही.

'कन्झ्यूम' लॅटिनमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ संपवून टाकणं, नष्ट करणं असा होता. आग घराला कन्झ्यूम करायची, रोग माणसाला. क्षयाला तर कित्येक शतकं 'कन्झम्प्शन'च म्हणत. कवी कीट्स १८२१ मध्ये त्यानंच गेला. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने त्या रोगाचा जंतू दाखवून दिला, त्यानंतर हळूहळू हे नाव मागे पडलं. पण गंमत बघा, दरम्यान १७७६ मध्ये अ‍ॅडम स्मिथने साऱ्या उत्पादनाचा अंतिम हेतू म्हणून जे सांगितलं, तेही 'कन्झम्प्शन'च! एकाच शब्दाने एका घरात माणूस झिजत होता आणि दुसऱ्या घरात राष्ट्र श्रीमंत होत होतं. पुढे रोगाला दुसरं नाव मिळालं आणि हा शब्द अगदी स्वच्छ होऊन बाजारात आला.

आपल्याकडे क्षय हा क्षयच राहिला. कुणी स्वतःला अभिमानाने 'क्षयकर्ता' म्हणवून घेत नाही. (अक्षय्य तृतीयेला सोन्याच्या दुकानात रांगा लागतात, ते सोडा.) १९८६ च्या कायद्यात हिंदीने 'उपभोक्ता' घेतला, मराठीने 'ग्राहक'. मला मराठीची निवड आवडते. ग्राहक घेतो. घेतलेलं संपवलंच पाहिजे अशी त्याच्यावर सक्ती नाही.

इंग्रजीकडे शब्दांची टंचाई होती म्हणून हे झालं असं मुळीच नाही. 'स्पेंड'च्या मुळाशी तोलून देणं आहे, नाणी वजनावर मोजायच्या काळातलं. हातात तराजू असला की माणूस जरा जपून देतो. 'एक्झॉस्ट' म्हणजे मुळात पाणी उपसून काढणं. आपण विहीर उपसतो तसं. 'स्क्वॉन्डर'चा शेक्सपिअरच्या काळी एक अर्थ नुसता विखुरणं असाही होता. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये शायलॉक तो अँटोनियोच्या देशोदेशी पसरलेल्या व्यापाराबद्दल वापरतो. आपलं 'उधळणं' अगदी त्याच जातीचं. जेजुरीला भंडारा उधळतात आणि वाया गेलेला मुलगा बापाचा पैसा उधळतो. क्रियापद तेच, पण ऐकणाऱ्याला फरक बरोबर कळतो.

या प्रत्येक क्रियापदात बोलणाऱ्याचं मत आहे. उधळला म्हटलं की कुणी आणि का हे विचारावंसं वाटतं. खाणं तर आपण फार सढळपणे वापरतो. जुनी गाडी पेट्रोल खाते, साहेब पैसे खातो. यात आरोप आहे. 'कन्झ्यूम'मध्ये आरोप नाही, कौतुक नाही, लाज तर नाहीच. मीटर फिरल्यासारखा तो फक्त आकडा सांगतो.

मीटरवरून आठवलं. विजेच्या बिलावर इंग्रजीत 'कन्झम्प्शन' असतं, मराठीत 'वापर'. मराठी जास्त बरोबर आहे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, आणि गीझरने ते घेतले तरी नष्ट होत नाहीत. पाणी गरम होतं, मग न्हाणीघरातली हवा कोमट होते, ऊर्जा तेवढीच राहते. जे खरंच कायमचं संपतं ते म्हणजे तिकडे वीजकेंद्रात जाळलेला कोळसा. चंद्रपूरकडचा कोळसा पंचवीस कोटींहून जास्त वर्षं जुना आहे. तो आपण जमिनीतून उकरून काढतो आणि त्याला काय म्हणतो? 'प्रॉडक्शन'! मराठी वर्तमानपत्रंही इमानदारीत 'कोळशाचं उत्पादन वाढलं' असं छापतात. अहो, उत्पादन कुणी केलं? झाडं गाडली गेली, युगं लोटली आणि श्रेय खाणवाल्याला! पाण्याच्या बाबतीत मात्र आपण अजून 'भूजल उपसा' म्हणतो. कुणी त्याचं 'भूजल उत्पादन' करायच्या आत हा शब्द जपून ठेवायला हवा.

आता कुणी म्हणेल, शब्दांचे अर्थ बदलतातच. मान्य. 'नाइस'चा अर्थ एकेकाळी मूर्ख असा होता, म्हणून कुणी नाइस म्हटल्यावर मी भांडायला जात नाही. माझी तक्रार अर्थ बदलल्याची नाहीच. दहा धारदार क्रियापदांच्या जागी एक गुळगुळीत क्रियापद बसतं आणि मग पुस्तक, वडापाव, जंगल सगळ्याला तेच चालतं, ही तक्रार आहे. आणि सगळा दोष इंग्रजीवर ढकलायलाही मी तयार नाही. मार्चअखेर 'निधी खर्ची पडला' हे वाक्य आपण शुद्ध मराठीत बनवलं. त्यात निधी आपोआप पडतो, पाडणारा कुठेच नसतो.

असो. हे सगळं भाच्याला फोनवर ऐकवलं. सात-आठ मिनिटं त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, डोकं खाऊ नकोस."

क्रियापद अचूक होतं.