विश्लेषण : फुटबॉल अकादमीची फी वसूल होते का?

उन्हाळी सुट्टी जवळ आली की जालना शहरात आणि तालुक्यांच्या ठिकाणी खेळांच्या शिबिरांचे फलक झळकू लागतात. क्रिकेटच्या जोडीला आता फुटबॉलही आहे. मुलाला अकादमीत घालायचे ठरले की फी, बूट, गणवेश, बाहेरगावच्या स्पर्धा असा खर्च सुरू होतो. त्या बदल्यात कुटुंबाच्या पदरात काय पडते, याचा आढावा.

फुटबॉलकडे ओढा का वाढला?

२०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्यानिमित्त राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम राबवला आणि शाळाशाळांत फुटबॉल पोहोचवले. १४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी वानखेडे मैदानावर आला, तेव्हा १३ वर्षांखालील निवडक मुलामुलींना पाच वर्षे प्रशिक्षण देणाऱ्या ‘प्रोजेक्ट महादेवा’ योजनेचा गाजावाजा झाला. साहजिकच पालकांची उत्सुकता वाढली. मात्र राज्यभरातून या योजनेत निवडली गेलेली मुले ६० आहेत. उरलेल्यांसाठी खासगी अकादमी किंवा शाळेचे मैदान, हेच दोन रस्ते राहतात.

वर्षाचा खर्च किती होतो?

फी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. पण हिशेब कसा मांडायचा, ते एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, महिन्याची फी १,५०० रुपये आहे. वर्षाचे झाले १८,०००. बूट, गणवेश, पायाचे गार्ड यांचे ६,०००, ने-आण करण्याचे ६,००० आणि बाहेरगावच्या दोन स्पर्धांचे १०,००० धरले तर एकूण ४०,००० रुपये होतात. म्हणजे फी हा निम्म्याहूनही कमी भाग आहे. २०२५-२६ च्या हमीभावाने (क्विंटलला ५,३२८ रुपये) ही रक्कम साधारण साडेसात क्विंटल सोयाबीनची होते. पावसाळा, परीक्षा आणि सणवार वगळून वर्षात १६० दिवस सराव झाला, तर एका दिवसाला २५० रुपये पडतात. त्या दिवशी ४० मुलांमागे एकच प्रशिक्षक आणि चारच चेंडू असतील, तर मूल बहुतांश वेळ रांगेत उभे राहते. पैसे मात्र पूर्ण दिवसाचे लागतात.

मूल व्यावसायिक खेळाडू होण्याची शक्यता किती?

फारच कमी. इंडियन सुपर लीगमध्ये महाराष्ट्राचा मुंबई सिटी हा एकच संघ आहे. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. २०२५-२६ चा हंगाम तर व्यावसायिक भागीदाराअभावी कित्येक महिने रखडला. ज्या क्रिकेटमध्ये पैसा आहे, तिथेही वाट अरुंदच आहे. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. आयपीएल आणि रणजीपर्यंत तो पोहोचला, पण भारताच्या वरिष्ठ संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. जिल्ह्यातील सर्वात गुणी खेळाडूची ही कथा असेल, तर ‘पुढे पैसे वसूल होतील’ या भरवशावर कर्ज काढणे धोक्याचे आहे.

सवलतीचे गुण आणि नोकरीतील आरक्षणाचे काय?

अनेक पालकांचा खरा हिशेब इथे असतो. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. परंतु या दोन्हींसाठी शासनाच्या क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धा किंवा मान्यताप्राप्त संघटनांच्या अधिकृत स्पर्धाच धरल्या जातात. फुटबॉलमध्ये सुब्रतो करंडकासाठी संघ शाळेचा उतरतो, अकादमीचा नाही. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत तो राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जातो. खासगी ‘राष्ट्रीय’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धेचे चकचकीत प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, पण पडताळणीत टिकत नाही. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाल्यापासून ही पडताळणी कडक झाली आहे. त्यामुळे स्पर्धेचे पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे ठरते.

चांगली अकादमी कशी ओळखायची?

प्रशिक्षकाकडे भारतीय फुटबॉल महासंघाचा किमान ‘डी’ परवाना आहे का, हा पहिला प्रश्न. एका प्रशिक्षकामागे मुले किती, वयानुसार गट आहेत का, प्रथमोपचाराची सोय आहे का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, हे मैदानावर जाऊन पाहता येते. एप्रिल-मे महिन्यांत जालन्याचा पारा चाळिशी पार करतो, म्हणून सरावाची वेळ आणि पाण्याची व्यवस्थाही तितकीच महत्त्वाची. अकादमीची महासंघाकडे नोंदणी आहे का, हेही तपासावे. फिफाच्या नियमानुसार खेळाडू व्यावसायिक झाला, तर वयाच्या १२ व्या वर्षापासून त्याला घडवणाऱ्या नोंदणीकृत क्लबांना भरपाई मिळू शकते. ती पालकांना मिळत नाही. म्हणून ‘करार’ म्हणून पुढे आलेला कोणताही कागद वाचल्याशिवाय सही करू नये. १८ वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही.

कमी खर्चाचे पर्याय आहेत का?

आहेत. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झालेल्या मुलांचा निवास, भोजन आणि प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. छत्रपती संभाजीनगरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. ते जालन्यापासून साधारण ६० किलोमीटरवर आहे, पण तिथे भर इतर खेळांवर आहे. कुस्तीच्या तालमींची जुनी परंपराही विसरता येणार नाही. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यातच झाली होती. आणि शाळेत उत्साही क्रीडाशिक्षक असेल, तर फुटबॉल शिकायला एक चेंडू व एक मैदान पुरते.

फसगत झाली तर?

पावती हाच पुरावा. वर्षाची फी एकरकमी भरण्याऐवजी महिन्याची किंवा तिमाही फी भरणे सुरक्षित. अकादमी मध्येच बंद पडली किंवा कबूल केलेले प्रशिक्षण दिले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्क लागत नाही. फीवर १८ टक्के जीएसटी लावला असेल, तर पावतीवर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे.

मग फी वसूल होते का?

नोकरी, गुण किंवा लीगचा करार हे माप लावले, तर बहुतेक कुटुंबांचा तोटाच आहे. मूल रोज तासभर धावते, मोबाइल बाजूला ठेवते, हरायला शिकते, सोबती जोडते, हे माप लावले तर माफक फी सार्थकी लागते. महाग शिबिराने हा लाभ वाढतोच असे नाही. अमेरिकेत एका मुलाच्या मुख्य खेळावर कुटुंबाचा सरासरी खर्च २०२४ मध्ये १,०१६ डॉलरवर गेला. २०१९ च्या तुलनेत ही ४६ टक्के वाढ आहे. याउलट नॉर्वेत ११ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत गुणतक्तेच लावले जात नाहीत, तरीही तो देश जागतिक दर्जाचे खेळाडू घडवतो. जालन्यातील पालकांसाठी साधा निकष असा: जी रक्कम परत मिळाली नाही तरी घरच्या पेरणीला, औषधपाण्याला आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणाला झळ बसणार नाही, तेवढीच खेळावर खर्च करावी. आणि तीन महिन्यांनी मुलाला विचारावे, ‘उद्याही जायचे आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढची फी वाचवावी.