प्लॉट त्यांचा, खाज आमची

गेल्या पावसाळ्यात सांगलीत विश्रामबागच्या पुढे, नव्या वसाहतींना लागून असलेल्या एका वस्तीत आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्त्याचे पैसे मोजणाऱ्या एका बाईच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली, कोपराच्या घडीत काळे चट्टे, पापण्या सुजलेल्या. विचारलं तर पदर ओढून घेत म्हणाली, "काय न्हाई ताई, उष्णता हाय अंगात. दरसाल येतंय आन् जातंय." शेजारची फटकन म्हणाली, "उष्णता कसली? मोकळ्या प्लॉटातलं गवत काढाय जाती की ती!"

मैत्रिणींनो, हे गवत म्हणजे गाजरगवत, काँग्रेस गवत. मूळ मेक्सिकोकडचं. आपल्याकडे त्याची नोंद 1955 साली पुण्यात झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. एका झाडाला दहा-पंधरा हजार बिया सहज धरतात. वारा, पाणी, वाळूचे ट्रक, जनावरांचे खूर त्या सगळीकडे नेतात. साताऱ्यात गोडोली, शाहूपुरीकडे जा किंवा सांगलीत कुपवाडच्या बाजूला. पावसाळा संपता संपता बिनबांधलेल्या प्लॉटांवर पांढऱ्या फुलांची चादर दिसते.

या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीला लागतं तसंच वाळलेल्या कणांबरोबर उडून पापण्या, मान, कोपर इथे बसतं. परागांमुळे शिंका, नाक गळणं, डोळ्यांची खाज सुरू होते, काहींना दमा होतो. आणि ही ॲलर्जी पहिल्याच दिवशी होते असं नाही. वर्षानुवर्षं संपर्क येऊन मग एका हंगामात अंग पेटून उठतं. म्हणून घरचे म्हणतात, "इतकी वर्सं काय झालं न्हाई, आताच कसं हुतंय?" बाई कामाची टाळाटाळ करते असा त्याचा सरळ अर्थ. एकदा अंगाने धरलं की सहसा सोडत नाही, गवताजवळ नुसतं गेलं तरी उठतं, हे तिला कोणीच सांगितलेलं नसतं. ती मेडिकलमधून एक ट्यूब आणते. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. महिनोन् महिने लावून कातडी पातळ होते ते वेगळंच.

हे मी एका कार्यकर्त्यांच्या शिबिरात मांडलं, तेव्हा एक सहकारी म्हणाले, "गवत काय बाई-पुरुष बघून लागतं का? हा स्त्रियांचा प्रश्न कसा?" शिवाय दवाखान्यांच्या अभ्यासात या त्वचारोगाचे रुग्ण पुरुषच जास्त दिसतात, हेही त्यांनी ऐकवलं. ते खरं आहे. पण मी त्यांना विचारलं, दवाखान्याच्या कागदावर नाव कोणाचं लागतं? रोजगार बुडवून, एसटीचं भाडं खर्चून, मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांपर्यंत कोण पोचतं? आपल्या भागात भांगलण कोण करतं? खुरपं बाईच्या हातात, आणि औषधाचा पंप, ट्रॅक्टर, जास्तीची मजुरी पुरुषाच्या. वाकून, उघड्या हातांनी, तोंड गवतात घालून करायचं काम "हलकं" ठरवून ते बायकांना दिलं गेलं. त्या हलक्या कामाचा चट्टा अंगावर उठला की ती "उष्णता" होते, "प्रकृती" होते.

सरकारचंही तसंच. हवेची गुणवत्ता सांगणारा राष्ट्रीय निर्देशांक 2015 साली आला. त्यात धूळ, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, शिसं धरून आठ घटक आहेत. परागकण नाहीत. गाजरगवत जागृती सप्ताह दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला होतो. पण जूनच्या पहिल्या पावसात उगवलेलं रोप महिना-दीड महिन्यात फुलायला लागतं. म्हणजे फोटो काढून गवत उपटायचा मुहूर्त नेमका पराग उडायला लागल्यावरचा! शेजारच्या कर्नाटकाने तर 1975 सालीच गाजरगवताला उपद्रवी तण जाहीर केलं. सीमेपलीकडे जाऊन पाहा, गवत आहे तिथेच आहे. नुसत्या जाहीरनाम्याने मुळं उपटत नाहीत. ती उपटायला शेवटी एक बाईच वाकते.

आणि प्लॉट कोणाचे? ज्यांनी गुंतवणूक म्हणून घेतले, कुंपण घातलं आणि भाव वाढायची वाट बघत बसले त्यांचे. साताऱ्याची हद्दवाढ 2020 साली झाली. भाव चढले, गवतही माजलं. सोसायटीतल्या मुलाला शिंका यायला लागल्या की तक्रार जाते. ठेकेदार चार बायका आणून सोडतो. मालकाला झळ नाही, ठेकेदाराला बिल मिळतं, मुलाच्या शिंका थांबतात. बायकांचे हात तेवढे सोलतात.

आपणही दोषी आहोत. मी एमएसडब्ल्यू केलं, आरोग्य शिबिरं घेतली. रक्तक्षय, अंगावरून जाणं, बाळंतपण हे सगळं विचारलं. "तुम्ही दिवसभर हातांनी काय करता?" हा प्रश्न माझ्या फॉर्मवर नव्हता. बाईचं आरोग्य म्हणजे गर्भाशय, एवढंच आपणही शिकलो होतो.

म्हणून पुढच्या पावसाळ्यासाठी आमच्या गटांनी मागण्या ठरवल्या आहेत:

1. गवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट काढलं जावं. फुललेल्या गवतात बायकांना उतरवू नये.

2. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला फडकं आणि कामाच्या जागी साबण-पाणी ठेकेदाराने द्यावं. ते मजुरीतून कापू नये.

3. रिकाम्या प्लॉटची सफाई मालकाच्या खर्चाने व्हावी. नंतर तिथे टाकळा पेरावा. तो गाजरगवताला दाबतो.

4. काढणारीचं नाव हजेरीपत्रकावर असावं. कामातून होणारे त्वचारोग कायद्याच्या यादीत आहेत, पण हजेरी नसेल तर ती कामगार होती हेच सिद्ध होत नाही.

5. आरोग्य केंद्रात प्रत्येक बाईला तिचं काम विचारून ते लिहिलं जावं.

ज्या बाईपासून सुरुवात केली, तिला आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाठीवर पट्टी लावून तपासणी केली. गाजरगवताचीच ॲलर्जी निघाली. डॉक्टर म्हणाले, गवतापासून लांब राहा. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "लांब ऱ्हायचं तर खायाचं काय, ते बी लिवून द्या म्हणावं त्यास्नी."

याचं उत्तर डॉक्टरांकडे नाही. ते ठेकेदाराकडे, प्लॉटमालकाकडे आणि नगरपालिकेकडे मागायचं आहे. तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत गवत कोण काढतं ते येत्या बैठकीत विचारा. आणि विचारताना तिचे हात बघा.