गुरं नाहीत, मग गवत कशाला?

बरेच दिवसांत इथे काही खरडलं नव्हतं. आज लिहितोय ते जरा चिडून लिहितोय, आणि ज्याच्यावर चिडलोय तो हे वाचणार आहे हे ठाऊक असून लिहितोय. घरातल्या मंडळींनी लगेच फोन उचलू नये. आधी शेवटपर्यंत वाचावं.

तर झालं असं. यंदा चवथीला धाकटा ठाण्याहून आला तो मोबाईलमध्ये एक चित्र घेऊनच. चित्रात आमचं कणकवलीचं घर. कौलं तीच, पडवी तीच, पण पुढचं खळं गायब आणि त्या जागी बिलियर्डच्या टेबलासारखं सपाट, हिरवंगार लॉन. हजार चौरस फूट. कोणाकडून तरी रीतसर डिझाईन करून घेतलंय म्हणे. दिवाळी झाली की काम सुरू. न्हाणीच्या मागचं गवती चहाचं बेट चित्रात कुठे दिसेना म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ते काढावं लागेल दादा. लॉनची पाइपलाइन तिथूनच येणार. आणि तसंही ते फार रानटी दिसतं."

आई पडवीत वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "घरात गुरां नाय, मगे गवात कित्याक?"

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही, कारण तिच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

आता गंमत बघा. लॉन आणि गवती चहा ही दोन्ही एकाच कुळातली. दोन्ही गवतंच. भात, नाचणी, ऊस, बांबू, वाळा ही सगळी त्यांची भावकी. पण भावकीत जसं असतं ना, एक जण कामाला धावतो आणि दुसरा फक्त मानपानाला हजर असतो, तसंच इथेही आहे. गवती चहा न्हाणीच्या सांडपाण्यावर उभा आहे. त्याला आजवर वेगळी बादली कोणी ओतलेली मला आठवत नाही. आणि लॉन?

जरा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. आपल्या उन्हात लॉन हिरवं ठेवायचं तर दिवसाला सरासरी पाच मिलिमीटर धरा. झाले ४६५ लिटर. रोज. डिसेंबर ते मे हे सहा महिने धरले तर ८४ हजार लिटर. हे पाणी येणार कुठून? विहिरीतून. आणि विहीर काही आपल्या एकट्याची नाही रे बाबा, तिच्यावर तीन घरं आहेत. एप्रिल सरत आला की काकी पंप किती मिनिटं चालला ते घड्याळ लावून बघते. मे महिन्यात पोरंबाळं सुट्टीला आली की आंघोळीला अर्धी बादली कमी घ्या म्हणून आपणच सांगतो. त्या विहिरीतून रोज ४६५ लिटर उपसून गवतावर शिंपडायचे, आणि काकीला काय सांगायचं? फोटो छान येतो म्हणून?

बरं, कणकवलीत हिरवळीचा दुष्काळ आहे का? इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गडग्याच्या चिऱ्याला हिरवळ येते, कौलाला येते, चार दिवस दोरीवर राहिलेल्या टॉवेलला यायची बाकी असते. जून ते सप्टेंबर निसर्ग फुकटात लॉन घालून देतो. हवं तर ते कोयत्याने कापून सारखं करा, माझी ना नाही. पुढे थंडी सरता सरता ते वाळतं, पिवळं पडतं. ते तसंच व्हायला हवं. धाकट्याच्या चित्रातलं लॉन म्हणजे गेलेला पावसाळा सलाईन लावून मे महिन्यापर्यंत जिवंत ठेवणं आहे.

मुळात ही कल्पना आली कुठून? इंग्लंडातल्या जमीनदारांकडून. तिथे बाराही महिने थोडाथोडा पाऊस, ऊन बेताचं, त्यामुळे गवत आपोआप मऊ आणि हिरवं राहतं. विळे घेतलेले गडी नाहीतर मेंढ्या ते आखूड ठेवायच्या. आमच्याकडे इतकी जमीन आहे की त्यातली काही पिकवली नाही तरी चालतं, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचं, हा त्यातला थाट. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने कापडगिरणीतलं लव कातरायचं यंत्र बघून गवत कापायचं यंत्र काढलं, आणि मग तो थाट मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आला. अमेरिकेने तर कळस केला. २००५ साली उपग्रहाच्या चित्रांवरून तिथल्या लॉनचा अंदाज काढला गेला, तो १ लाख ६० हजार चौरस किलोमीटरच्या वर निघाला. आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त! आणि आता? नेवाडा राज्याने २०२१ साली कायदा केला. लास वेगासकडे २०२७ पासून रस्त्याच्या कडेच्या आणि ऑफिसांपुढच्या निव्वळ शोभेच्या लॉनला कोलोरॅडो नदीचं पाणी घालायला बंदी. ज्यांच्याकडून आपण ही हौस उचलली ते ती पैसे खर्चून उखडतायत, आणि आम्ही तांबड्या मातीवर ती अंथरायला निघालोय.

आणखी एक. लॉनवाले ज्याला 'बर्म्युडा' म्हणून विकतात ती मुळात आपली हरळीच, किंवा तिचा संकर. गणपतीला वाहतो ती दूर्वा! आमच्या आजोबांनी जन्मभर कुणग्यातली हरळी खणून खणून काढली. तिचं एक पेर मागे राहिलं तरी ती परत फुटते म्हणून तिच्या नावाने बोटं मोडली. त्यांचा नातू तीच हरळी चौरस फुटावर पैसे मोजून विकत आणणार. (वहिनी म्हणाली, मग चवथीला दूर्वा घरच्या घरी मिळतील की. नाही मिळणार वहिनी. इंचभर उंचीवर दर आठवड्याला छाटलेल्या गवताची जुडी बांधता येत नाही. दूर्वा बांधावरूनच आणाव्या लागतील.)

हे सगळं मी तोंडच्या वाफेवर बोलत नाहीये. काही वर्षांपूर्वी मीसुद्धा तुळशीपुढे दहा बाय दहाचा तुकडा लावला होता. होय, मीच. पहिल्या पावसात त्यावर शेवाळ आलं आणि आई घसरता घसरता वाचली. मे महिन्यात एका लग्नाला आठ दिवस बाहेर गेलो, परत येऊन बघतो तर काथ्याची चटई. मधलं सगळं मेलं आणि कडेने जे जगलं ते अबोलीच्या वाफ्यात शिरलं. ते अजून उपटतोय.

आता धाकट्याची बाजू. ती अगदीच पोकळ नाही. तो म्हणतो, खळं चोपून शेणाने सारवायचं तर शेण कुठेय? खरं आहे. गोठा रिकामा होऊन जमाना झाला. त्याचा नातू जांभ्याच्या खड्यांवर पडून गुडघे फोडून घेतो, हेही खरं. पण मग पायवाटेपुरते चिरे बसवू, उरलेली माती पाणी मारून चोपून घेऊ, शेण वाडीत अजून दोन घरी मिळतं. खळं मोकळं पाहिजे. मे महिन्यात सोलं कुठे वाळवणार? मिरच्या, पापड, फणसाची साठं? ओल्या लॉनवर? पोरं खेळायला आली तर त्यांनाही तू दोन दिवसांनी "लॉनवरून धावू नका" म्हणून ओरडणार, हे मी लिहून देतो.

आणि ते 'रानटी' बेट. ते मी लहानपणापासून बघतोय. दर दोनतीन वर्षांनी फोडावं लागतं, नाहीतर मधे पोकळ होऊन वाळतं. फोडलं की ठोंब वाडीभर जातात. वाडीतल्या निम्म्या घरांतला गवती चहा आमच्याकडचा आहे. वीतभर बुंधा ठेवून कापला की पुन्हा फुटतो. वाळकी पात माडाच्या आळ्यात जाते. आषाढात बाहेर धो धो पडत असताना पातीची गाठ मारून आल्याच्या तुकड्याबरोबर पाण्यात उकळायची आणि दूध अगदी शेवटी घालायचं, तो वास... असो. पातीने बोट चिरतं हे मान्य. त्याने डास पळतात असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सिट्रोनेलाचं तेल काढतात ते गवत वेगळं, आणि आमच्या बेटाशेजारी बसून मला भरपूर डास चावलेत. ठाण्यात वहिनी भाजीवाल्याकडून पुदिन्याबरोबर चार पाती विकत घेते. इथलं फुकटचं बेट मात्र त्यांना दिसायला बरं नाही.

आपल्या शेजारी वागद्याला १९४८ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम काढला. लोक नाक मुरडून टाकून देतात त्याचं सोन्यासारखं खत होतं, हे त्यांनी या गावाला स्वतःच्या हाताने करून दाखवलं. न्हाणीचं साबणाचं पाणी पिऊन चहाला वास देणारं झाड त्यांना रानटी वाटलं नसतं.

तेव्हा धाकट्या, भांडण नको. तुझ्या खोलीला एसी लाव, गेटला हवा तो रंग दे, मी एक अक्षर बोलणार नाही. खळं तेवढं खळं राहू दे. आणि आधीच सांगून ठेवतो. काल दुपारी उघडीप होती तेव्हा बेट फोडून त्यातले अकरा ठोंब मी गडग्याच्या कडेने ओळीत लावलेत, न्हाणीपासून थेट गेटपर्यंत. मातीत ओल आहे, दिवाळीपर्यंत धरतील. तुझी पाइपलाइन त्यातूनच येणार असेल तर आता अकरा ठिकाणी खणावं लागेल, आणि खणायच्या आधी आईला विचारावं लागेल. शेवटचे तीन तिने लावलेत.